मोलकरी आणि मेंढपाळ : पेडण्याच्या इतिहासावरून भाडोत्री युद्धाचा विचार

गोव्याच्या उत्तर सीमेवर तेरेखोल नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावरील टेकडीवर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. पेडणे तालुक्याचा बाकी मुलूख नदीच्या दक्षिणेस आणि हा एवढाच तुकडा पलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीला लागून, असे त्याचे स्थान आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी तो बांधिला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने तो घेतला. त्याच वर्षी हळर्ण्याचा किल्ला जिंकल्याबद्दल पुढे त्यास ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. किल्ल्याच्या तटाआड, चौकात एक लहानसे चर्च आहे. पवित्र त्रैक्याच्या नावे उभारलेले हे चर्च पुढे संत आंतोनीचे म्हणून ओळखले जाऊ लागले. तोफा आणि वेदी यांमधील अंतर येथे अवघ्या काही पावलांचे होते. युद्ध आणि धर्मसेवा यांच्या संबंधाविषयी विचार करणाऱ्यास ही जागा म्हणूनच अपरिचित वाटू नये.

प्रस्तुत लेखाचा विषय युद्धाच्या एका विशिष्ट रीतीविषयी आहे. राष्ट्राने स्वतःच्या सैन्याकरवी लढण्याऐवजी खाजगी कंपन्यांना मोबदला देऊन त्यांच्याकरवी लढावे काय, हा प्रश्न गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगापुढे नव्याने आला आहे. इराक, सिएरा लिओन, युक्रेन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा निरनिराळ्या रणभूमींवर खाजगी लष्करी कंत्राटदार दिसू लागले. त्यांचे पुरस्कर्ते म्हणतात की, यात राष्ट्राच्या पुत्रांचे रक्त सांडत नाही, काम लवकर होते, आणि कंत्राट संपले की खर्चही संपतो. त्यांचे विरोधक बहुधा एकच उत्तर देतात. भाडोत्री शिपाई पैशासाठी लढतो, त्यास निष्ठा नसते, सबब तो ऐनवेळी पळून जातो किंवा उलटतो.

हे प्रचलित उत्तर आपल्या प्रदेशाच्या इतिहासास पुरते लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाडोत्री शिपायाने येथे अनेकदा अखेरपर्यंत निष्ठा राखिली. हानी झाली ती दुसऱ्या बाजूने. ती बाजू कोणती, हे पाहण्यास पेडण्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

पेडणे कसे गेले

गोव्याच्या ‘नव्या काबिजादीं’तील बरेचसे प्रदेश पोर्तुगीजांनी शस्त्रबळाने मिळविले. तेरेखोल आणि हळर्णे १७४६ मध्ये, डिचोली आणि साखळी १७८१-८२ च्या सुमारास, असा तो क्रम होता. पेडण्याची कथा मात्र निराळी आहे.

सावंतवाडीचे तिसरे खेमसावंत यांची शिंदे घराण्याशी सोयरीक होती. जयाप्पा शिंदे यांची कन्या लक्ष्मीबाई ही त्यांची राणी. दिल्लीच्या बादशहाकडून त्यांस ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला, आणि ही थोरवी कोल्हापूर दरबारास रुचली नाही. त्यातून दोन्ही घराण्यांचे वैर वाढत गेले व कोल्हापूरकरांच्या फौजा वाडी संस्थानात शिरल्या. स्वतःचे बळ अपुरे पडले तेव्हा खेमसावंतांनी ज्यांच्याशी त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली होती, त्या पोर्तुगीजांकडेच लष्करी साहाय्य मागितले. ते मिळाले. त्याचा मोबदला म्हणून १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि पुढे १९६१ पर्यंत तो त्यांच्याच राज्यात राहिला.

या व्यवहारात फितुरी कोणी केली? साहाय्यास आलेल्या शिपायांनी केली नाही. ज्या कामासाठी त्यांस आणिले ते काम त्यांनी केले. त्यांच्या मजुरीची रक्कम मात्र तिजोरीतून न जाता एका महालाच्या रूपाने चुकती झाली. त्या महालातील शेते, देवळे, मिठागरे आणि कुळे यांस कोणी विचारिले नाही. ज्या युद्धाचा निर्णय पेडण्याच्या रयतेने घेतला नव्हता, त्या युद्धाची किंमत पेडण्याची रयतच ठरली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मेंढपाळ आणि मोलकरी यांतील भेद सांगितला आहे. लांडगा येताना पाहून मोलकरी मेंढरांना टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. आपण हा उतारा बहुधा मोलकऱ्याच्या भित्रेपणावर ठेवून शिकवितो. १७८८ ची घटना आपल्याला अधिक कठीण अर्थाकडे नेते. येथे मोलकरी पळाला नाही. ज्याने मेंढपाळ म्हणून उभे राहावे, त्यानेच मोलकऱ्याची मजुरी मेंढरांनी भागविली. यहेज्केल संदेष्ट्याने चौतिसाव्या अध्यायात ज्यांस दोष दिला तेही मोलकरी नव्हते, तर कळपावर स्वतःचे पोषण करणारे मेंढपाळच होते.

जमिनीने दिलेला पगार

पेडण्याची घटना एकाकी नव्हती. त्याच पिढीत मराठी राज्यकर्त्यांनी हाच व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर केला, आणि त्याचा आरंभ खेमसावंतांच्या सासरच्या घराण्यातच दिसतो.

महादजी शिंदे यांनी १७८४ पासून बेन्वा द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. या ‘कंपूं’नी उत्तर हिंदुस्थानात महादजींना मोठे विजय मिळवून दिले. परंतु नियमित पगाराविना कवायती फौज चालत नाही. म्हणून द बॉयनला दोआबातील विस्तृत मुलूख जायदाद म्हणून तोडून देण्यात आला. त्या मुलखाचा वसूल तोच गोळा करी, आणि त्यातून पलटणींचा पगार भागवी. १७९५ मध्ये तो गेल्यावर पेरों हा फ्रेंच सरदार त्याच्या जागी आला. फौजेचा सेनापती, मुलखाचा कारभारी आणि आपल्या हिशेबाचा धनी असा तिहेरी अधिकार एकाच परक्या माणसाच्या हाती एकवटला.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा या रचनेची परीक्षा झाली. शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडून कंपनीकडे यावे, असा जाहीरनामा गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने काढिला, आणि अनेकांनी तो मानिला. ४ सप्टेंबरला अलीगड पडले. त्यानंतर काही दिवसांतच पेरों इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि पुढे आपली संपत्ती घेऊन युरोपास परतला. २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांच्या पायदळाचे नेतृत्व करणारा पोलमन हा हॅनोव्हरचा सेनानी नंतर कंपनीच्याच नोकरीत शिरला.

येथवर प्रचलित उत्तर खरे ठरते. पण १ नोव्हेंबर १८०३ च्या लासवाडीच्या लढाईकडे पाहावे. ज्यांचे युरोपीय अधिकारी निघून गेले होते, त्या हिंदुस्थानी पलटणींनी तेथे तोफांजवळ उभे राहून प्राण दिले, आणि त्यांचा शत्रू जनरल लेक यानेही त्यांच्या शौर्याची प्रशंसा केली. हे शिपाईही पगारीच होते. अधिकारी आणि शिपाई यांच्या वेतनाच्या स्वरूपात भेद नव्हता. अधिकाऱ्यास जाण्यासाठी दुसरा देश होता आणि शिपायास नव्हता, एवढाच भेद होता.

जेम्स स्किनर याचे उदाहरण ख्रिस्ती वाचकास विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्कॉटिश पिता व भारतीय माता यांचा हा पुत्र शिंद्यांच्या सेवेत होता. युद्धाच्या प्रसंगी पेरोंने त्यास काढून टाकिले. तो इंग्रजांकडे गेला तो मात्र एका अटीवर : ज्या शिंद्यांचे मीठ खाल्ले त्यांच्याविरुद्ध मी लढणार नाही. दिल्लीतील सेंट जेम्स चर्च त्यानेच बांधविले, आणि १८३६ मध्ये त्याचे समर्पण झाले. मोलाने लढणाऱ्यालाही विवेक असतो, याची ही साक्ष आहे.

इकडे पुण्यात दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. होळकरांच्या भीतीने त्यांनी कंपनीचे सुमारे सहा हजार पायदळ कायमचे पदरी ठेवण्याचे मान्य केले, आणि त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. आकार सोडला तर हा पेडण्याचाच व्यवहार होय. सोळा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाईच उरली नाही. ज्या सैन्याने राज्याचे रक्षण करावे म्हणून मुलूख दिला, त्या सैन्याच्या मालकाने बाकीचा मुलूखही घेतला.

तो मालक कोण होता, हेही विसरता कामा नये. ईस्ट इंडिया कंपनी ही भागधारकांची व्यापारी संस्था होती. युद्ध करण्याचा, तह करण्याचा व कर घेण्याचा अधिकार तिने चालविला, आणि लाभांश लंडनमध्ये वाटला. टोपीकर हे सामान्य सावकार नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेविला होता. ज्या १७८८ साली पेडणे गेले, त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटपुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. ती १७९५ पर्यंत चालली आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. कंपनीच्या सैन्यावरील अधिकार ब्रिटिश राजसत्तेने प्रत्यक्ष स्वतःकडे घेतला तो १८५८ मध्ये, म्हणजे उत्तर हिंदुस्थान रक्ताने न्हाऊन निघाल्यावर.

निष्ठेचा प्रश्न

निष्ठेविषयी अधिक स्पष्टतेने विचार करण्यास दोन गारद्यांची नावे पुरेशी आहेत. इब्राहिमखान गारदी प्रथम निजामाकडे होता, नंतर पेशव्यांकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या पलटणींनी बहुतेक सर्व माणसे गमाविली, पण जागा सोडिली नाही. तो स्वतः शत्रूच्या हाती सापडून ठार झाला. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांचा खून करणारा सुमेरसिंग हाही गारदीच होता. त्याच्या मागे थकलेल्या पगाराची तक्रार होती, आणि त्या तक्रारीचा उपयोग करून घेणारे पेशव्यांच्या घरातीलच होते.

रोमच्या इतिहासातही हीच जोडी आढळते. ६ मे १५२७ रोजी रोमवर तुटून पडलेले सम्राट पाचव्या चार्ल्सचे सैनिक बव्हंशी पगार थकलेले भाडोत्री होते. त्यांनी नगर लुटले, वेद्या भ्रष्ट केल्या. त्याच दिवशी पोपमहोदयांचे रक्षण करताना १८९ पैकी १४७ स्विस रक्षक धारातीर्थी पडले. तेही परदेशी आणि पगारीच होते.

यावरून असे दिसते की, पगार घेणे हे पाप नव्हे. शिवाजी महाराजांनी आपल्या शिपायांस वतनाऐवजी रोख वेतन देण्यावर भर दिला, तो राज्य बळकट व्हावे म्हणूनच. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांस शिपाईगिरी सोडावयास सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, खोटे आरोप घेऊ नका आणि आपल्या पगारात तृप्त असा, एवढेच सांगितले. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील हा उपदेश नीट पाहिला तर त्यात एक गर्भित अट आहे. पगार ठरलेला असावा, तो मिळावा, आणि त्यापलीकडे युद्धातून लाभ घेऊ नये. जेथे युद्ध लांबल्याने नफा वाढतो, तेथे ही अट पाळणे माणसाच्या शक्तीपलीकडे जाते.

नकार देणारे शिपाई

राष्ट्राचे किंवा सरकारचे सैन्य आपोआप न्यायी होते, असे मात्र कोणी समजू नये. तेरेखोलचा तटच त्याची साक्ष देईल. गोव्यात जन्मलेले बेर्नार्दु पेरेस द सिल्वा यांनी जानेवारी १८३५ मध्ये गोव्याच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. अवघ्या काही दिवसांत लष्करानेच त्यांस पदच्युत केले. त्यापुढील धामधुमीत गास्पार दियश येथे आणि तेरेखोलच्या किल्ल्यात त्यांच्या पक्षाच्या शिबंदीची कत्तल झाली. मारणारे आणि मरणारे दोघेही एकाच राज्याचे शिपाई होते.

साठ वर्षांनी याच प्रदेशाने आणखी एक दृश्य पाहिले. सप्टेंबर १८९५ मध्ये गोव्यातील मराठा शिपायांस आफ्रिकेतील मोझांबिकच्या युद्धावर जाण्याचा हुकूम झाला. ज्या लोकांशी आपले वैर नाही, ज्या भूमीशी आपला संबंध नाही, तेथे समुद्रापार मरण्यास पाठविले जात असता त्यांनी बंड केले. ते सत्तरीत गेले, आणि दादा राणे त्यांच्यासह उठले. लिस्बनहून राजबंधू दों आफोंसु यांच्या नेतृत्वाखाली फौज आणावी लागली. बंडाच्या सर्वच कृत्यांचे समर्थन करण्याची गरज नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात यावी. हे शिपाई भूमिपुत्र होते, त्यांची घरेदारे येथे होती, म्हणूनच त्यांचा नकार राज्यकर्त्यांस ऐकावा लागला. कंत्राटी सैनिकाने नकार दिला तर त्याच्या जागी दुसरा आणिला जातो आणि युद्ध चालूच राहते. स्वतःच्या लोकांतून सैन्य उभारणाऱ्या राजास आपल्या लोकांचा नकार ऐकण्याचा धोका पत्करावा लागतो. हा धोका राजास गैरसोयीचा असला तरी प्रजेस तो फार मोठा आश्रय आहे.

शस्त्राविना लढणाऱ्यांचीही आठवण येथे केली पाहिजे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले व तेथे तिरंगा फडकविला. त्यांस पगार नव्हता आणि त्यांच्या हाती शस्त्रही नव्हते. पुढे ते पकडले गेले. १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. त्या कारवाईविषयी मते निरनिराळी असू शकतील, पण तिचे उत्तरदायित्व कोणाकडे होते याविषयी संशय नव्हता. निर्वाचित सरकारने निर्णय घेतला, संसदेत व संयुक्त राष्ट्रसंघात त्याची चर्चा झाली, आणि पंतप्रधानांस त्याचे उत्तर द्यावे लागले.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत ऑगस्टीनने सेनानी बोनिफास यास लिहिलेल्या पत्रात, शिपाईही देवास प्रसन्न करू शकतो, असे आश्वासन दिले. परंतु युद्ध ही केवळ गरज म्हणून करावी आणि इच्छा शांतीचीच धरावी, अशी मर्यादाही घातली. संत थॉमस अक्विनासने न्याय्य युद्धासाठी तीन अटी सांगितल्या : युद्ध पुकारणाऱ्यास सार्वजनिक अधिकार असावा, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. खाजगी व्यक्तीस युद्ध पुकारण्याचा अधिकार का नाही, याचे कारणही त्याने दिले आहे. तिला आपल्या तक्रारीसाठी वरिष्ठाच्या न्यायासनापुढे जाता येते, आणि प्रजेस युद्धासाठी एकत्र बोलाविणे हे तिचे काम नव्हे.

आजच्या कंत्राटदारास ही शिकवण लागू करताना घाई करू नये. शासनानेच त्यास नेमिले, तर पहिली अट वरवर पुरी होते. खरी अडचण तिसऱ्या अटीची आहे. ज्या संस्थेचे जीवन युद्धावर अवलंबून आहे, तिने शांतीची इच्छा धरावी कशी? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात, राष्ट्राच्या सेवेत सैन्यात असलेल्यांनी स्वतःस लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानावे, असे सांगितले. ‘लोक’ हा शब्द त्या शिकवणीचा गाभा आहे. सेवक म्हणविणाऱ्यास, आपण कोणाचे सेवक आहोत हे सांगता आले पाहिजे.

धर्मसुधारणेच्या काळातील उलरिख झ्विंगली याचे उदाहरण धर्मगुरूंस अधिक जवळचे वाटावे. ग्लारुस येथील धर्मगुरू म्हणून तो आपल्या लोकांबरोबर इटलीच्या युद्धांवर गेला. स्विस तरुण तेव्हा पैशासाठी फ्रान्सचा राजा व पोप अशा दोन्ही बाजूंनी लढत. झ्विंगली स्वतःही काही काळ पोपकडून वर्षासन घेत होता. १५१५ च्या मारिन्यानोच्या पराभवात हजारो स्विस मारले गेले. गावे ओस पडली, आणि परतलेल्यांनी छावणीची व्यसने घरी आणिली. हे पाहून त्याने भाडोत्री लढाईविरुद्ध व्यासपीठावरून आवाज उठविला. १५२२ मध्ये झुरिचने परक्यांच्या नोकरीत लढण्यास बंदी घातली. धर्मसिद्धांताविषयी त्याच्याशी कोणाचा कितीही मतभेद असो, आपल्या गावचे मुलगे कोणाच्या हिशेबात मरतात हे विचारणे धर्मगुरूचे काम आहे, एवढे त्याने दाखवून दिले. झ्विंगलीने नंतर स्वतः धर्मयुद्धात भाग घेतला व १५३१ मध्ये काप्पेल येथे तो मारला गेला, हेही सांगितले पाहिजे. परक्यांसाठी लढू नये हे कळलेल्यास आपसांत लढू नये हे कळतेच असे नाही.

आजचा व्यवहार

आता वर्तमानाकडे वळू. कंत्राटदारांच्या बाजूचे सर्वांत सबळ उदाहरण सिएरा लिओनचे आहे. १९९५ मध्ये तेथील सरकारने ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ या दक्षिण आफ्रिकी कंपनीस बोलाविले. नागरिकांचे हात तोडणाऱ्या बंडखोरांस तिने थोड्याच काळात मागे रेटले, आणि राजधानी वाचली. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्यापुढे बसून या गोष्टीची निंदा करणे सोपे नाही. परंतु त्या कंपनीशी संबंध असलेल्या उद्योगास हिऱ्यांच्या खाणीचे हक्क मिळाले, आणि १९९७ च्या आरंभी ती निघून गेल्यावर काही महिन्यांतच, मे १९९७ मध्ये, सरकार उलथले गेले. लांडगा हाकलला गेला, पण कळपाची चरणी गेली आणि मेंढपाळ मुळी तयारच झाला नाही. पेडण्याच्या वाचकास हा हिशेब नवा वाटू नये.

१६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ‘ब्लॅकवॉटर’ या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मृत्यू पावले. इराकच्या न्यायालयास त्यांचा न्याय करता येईना, कारण कंत्राटदारांस तेथील कायद्यापासून संरक्षण दिलेले होते. चौघांस अमेरिकेत २०१४ मध्ये दोषी ठरविण्यात आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांस माफी दिली. रशियाच्या ‘वॅग्नर’ दलाने तुरुंगांतील कैद्यांस भरती करून युक्रेनमध्ये लढविले. जून २०२३ मध्ये त्याच दलाने बंड करून मॉस्कोच्या दिशेने कूच केले, आणि त्याचा प्रमुख प्रिगोझिन २३ ऑगस्ट २०२३ रोजी विमान कोसळून मरण पावला. शनिवारवाड्याची कथा जाणणाऱ्यास या बंडाचे आश्चर्य वाटणार नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यात भाडोत्री सैनिकास युद्धकैद्याचा हक्क नाकारला आहे. भाडोत्री सैनिकांविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ मध्ये स्वीकारला गेला व २००१ मध्ये अमलात आला, पण बहुतेक मोठी राष्ट्रे त्यापासून दूर राहिली. २००८ च्या माँत्रो दस्तऐवजाने, कंत्राट दिले तरी शासनाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व नमूद केले. मात्र तो बंधनकारक करार नव्हे.

धर्मसेवकांचे कर्तव्य

हा प्रश्न केवळ राजधान्यांतील मुत्सद्द्यांचा आहे असे मानून आपण स्वस्थ बसू शकत नाही. गोवा आणि कोकणपट्टीतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण जहाजांवर आणि परदेशी नोकरीस जातात. २०२४ मध्ये उघडकीस आले की, भारतातील अनेक तरुणांस मदतनीस म्हणून नोकरीचे आमिष दाखवून रशियात नेण्यात आले आणि सैन्यात दाखल करून युद्धभूमीवर पाठविण्यात आले. त्यांतील काही मारले गेले. त्यांच्या सुटकेचा विषय भारत सरकारला रशियाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत न्यावा लागला. असे कागद हाती घेऊन एखादा तरुण उद्या आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येऊ शकतो. घरी कर्ज असेल, बहिणीचे लग्न ठरले असेल. त्यास लोभी म्हणून हिणविणे हा अन्याय होईल. मोलकऱ्याची गरज प्रभूलाही ठाऊक होती. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात दिवस मावळेपर्यंत काम मिळण्याची वाट पाहणाऱ्यांची त्याने आस्थेने नोंद घेतली आहे.

त्या तरुणास तीन प्रश्न विचारावयास शिकविता येईल. हे युद्ध कोणी पुकारले, आणि त्या लोकांना ते पुकारण्याचा अधिकार कोणी दिला? माझ्या हातून निरपराध मेला तर मला कोणत्या न्यायासनापुढे उभे केले जाईल, की कोठेच नाही? आणि मी मेलो तर माझे नाव कोणाच्या नोंदवहीत राहील, माझे प्रेत कोण घरी पाठवील? ज्या नोकरीत या तिन्ही प्रश्नांस उत्तर नाही, ती ख्रिस्ती माणसाने स्वीकारू नये, असे स्पष्ट सांगण्यास आपण कचरू नये.

आणि जे राज्यकर्त्यांस निवडून देतात त्या आपल्या लोकांस चौथा प्रश्न शिकवावा : हे सैन्य भाड्याने आणिले तर भाडे कशाने दिले जाणार? पैशाने म्हणावे, तर तो कोणाचा? जमिनीने, खाणीने, बंदराने म्हणावे, तर तेथे राहणाऱ्यांस विचारिले काय? राष्ट्रीय सैन्य चुकते, कधी घोर पापही करते, पण त्याच्या पापाबद्दल जाब विचारण्यास न्यायासन आहे, संसद आहे आणि मृतांच्या आया आहेत. युद्ध अटळच असेल तर ते अशांनीच लढावे की ज्यांच्या मरणाचे दुःख युद्ध पुकारणाऱ्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचते. ते दुःख हाच युद्धावरील अखेरचा लगाम होय, आणि भाड्याचे सैन्य प्रथम तोच लगाम सोडविते.

तेरेखोलच्या तटाआडील वेदीवर ज्या धर्मगुरूंनी मिस्सा अर्पिला, त्यांच्यासमोर गुडघे टेकणारे बहुतेक पगारी शिपाईच होते. त्यांस धर्मसंस्कार नाकारले गेले नाहीत, आणि तेच योग्य होते. शिपायाच्या आत्म्याची काळजी आपल्यावर सोपविलेली आहे. तशीच त्या तटाबाहेरील रयतेचीही आहे, जिला न विचारता तिचा सौदा झाला. चांगला मेंढपाळ आपला प्राण देतो, मेंढरांचा देत नाही, ही शिकवण राज्यकर्ते आणि प्रजा या दोघांच्याही कानी सतत पडत राहील, अशी दक्षता आपण घ्यावी.